‘अ’ने ‘ब’ला घोडा विकला

बी.कॉम. होऊन मला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत त्या पदवीचा मला एकदाच उपयोग झाला, तो म्हणजे बँकेत चिकटताना. पुढे हजारो लोकांचे हिशेब जुळवले, पण स्वतःच्या घरचा ताळेबंद काही जुळला नाही. तेव्हा शिकलो ते सगळं फुकट गेलं, असं माझं ठाम मत होतं. मागच्या डिसेंबरात एका रात्री ते मत बदललं. पावणेदोनच्या सुमाराला मी अंथरुणात उठून बसलो आणि मला व्यापारी कायद्याचा पेपर आठवला. त्यातला ‘अ’ आठवला, ‘ब’ आठवला, आणि ‘अ’ने ‘ब’ला विकलेला तो घोडा आठवला.

घोड्याकडे नंतर येतो. आधी गाडी.

माझ्याकडे एक छोटी गाडी होती. छोटी म्हणजे चार माणसं ऐसपैस बसायची आणि पाचवं बसलं की चौघांचं बोलणं बंद व्हायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता; ऑइल बदलायची तारीख दर वेळी ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणून ढकलणाऱ्या मालकाचा होता. लाखभर किलोमीटर झाल्यावर गाडीने एक नवीन सवय लावून घेतली. सकाळी चालू केली की पहिले दोन-तीन सेकंद पुढून ‘खडखडखड’ असा आवाज यायचा. कॅशियरने चिल्लरची पिशवी टेबलावर ओतावी तसा. मग एकदम शांत. बँकेत दोन सेकंदांत आपोआप थांबणाऱ्या तक्रारीला आम्ही तक्रार धरतच नाही. त्यामुळे मी सहा महिने लक्ष दिलं नाही.

पुढे तुळजापूरचा घाट चढताना गाडी कुरकुर करू लागली, पेट्रोल जास्त प्यायला लागली आणि एक दिवस समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं ते विझेचना. तेव्हा मेस्त्रीकडे गेलो.

आमच्या मेस्त्रीने गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली. ‘थंड असतानाच ऐकावं लागतं,’ म्हणाला. सकाळी त्याने हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या बाजूच्या कव्हरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला ‘मारा स्टार्टर’ म्हणून खूण केली. दोन सेकंदांत निकाल लागला.

“साहेब, चेन बोलायली की.”

मला त्या क्षणी तेरचे गोरोबाकाका आठवले. तेर आमच्याच जिल्ह्यातलं. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर मडकी थापटायचं थापटणं हाणून कोण पक्कं आणि कोण कच्चं हे आवाजावरून ठरवलं, अशी कथा आहे. नामदेवमहाराज कुरकुरले आणि कच्चे ठरले. संतांची परीक्षा जशी थापटण्याने, तशी इंजिनाची स्क्रू-ड्रायव्हरने. फरक इतकाच, की इथे मडकं कच्चं निघालं ते माझं.

मेस्त्रीने मला बाकड्यावर बसवून टायमिंग चेन समजावली. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, वर कॅमशाफ्ट असतो. खालचा राबून दोन फेरे मारतो तेव्हा वरचा एक फेरा मारतो. हे प्रमाण बँकेत नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वरचा शाफ्ट वॉल्व्ह उघडतो आणि मिटवतो, खालच्याला पिस्टन जोडलेले. दोघांची वेळ जुळली पाहिजे, आणि ती जुळवण्याचं काम ही साखळी करते. प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात साखळीच होती. १९८३ साली मारुती ८०० आली तिच्यात रबरी पट्टा होता. आता पुन्हा पुष्कळ छोट्या गाड्यांत साखळी आली आहे. पट्टा ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो, नाहीतर तो बहुधा न सांगता-सवरता तुटतो. साखळी म्हणे आयुष्यभर चालते.

“कोणाच्या आयुष्यभर?” मी विचारलं.

“ऑइल टायमाला बदलणाराच्या,” मेस्त्री म्हणाला.

साखळी ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते, पिनेचं भोक केसभर मोठं होतं. अशा सगळ्या कड्यांचे केस एकत्र केले की साखळी लांब होते. तो सैलपणा ओढून धरायला टेन्शनर नावाचा एक भाग असतो. घरात टेन्शन देणारे पुष्कळ असतात, घेणारा एकच. तसा हा इंजिनातला कुटुंबप्रमुख. तो ऑइलच्या दाबावर उभा असतो. रात्रभर गाडी थांबली की दाब उतरतो, आणि सकाळी तो पुन्हा चढेपर्यंत सैल साखळी आपटत राहते. तोच तो आवाज. एकदा दाब आला, की साखळी गप्प. दुखणं मात्र तिथेच.

“आणि नाही बदलली तर?”

“तर एक दिवस साखळी दात सोडती. वरनं वॉल्व्ह येतो, खालनं पिस्टन येतो. दोघांची गाठ पडली की मग हेडच खोलायचं. घाटात झालं तर ते बी टोचन लावून आणल्यावर.”

खर्च चौदा हजार. चेन, टेन्शनर, साखळीला टेका देणाऱ्या गाईडपट्ट्या, दातांची चाकं आणि मजुरी धरून. मी ‘बघतो’ म्हणालो. मध्यमवर्गीय माणूस ‘बघतो’ म्हणतो तेव्हा तो डोळे मिटत असतो.

कारण माझं ठरलं होतं: गाडी विकायची. मुलगी पुण्याला शिकते. तिच्या कॉलेजची आणि हॉस्टेलची फी जानेवारीत भरायची होती, आणि ती भरायला माझ्याजवळ विकण्यासारखी वस्तू ही एकच होती. (दुसरी म्हणजे माझ्या लेखांची कात्रणं. रद्दीवाल्याने भाव सांगितला तेव्हा तो विषय मी सोडून दिला.) एक लाख पंचेचाळीस हजार येतील असा अंदाज होता, आणि फीचा आकडा त्याला अगदी चिकटून होता. त्यातून चौदा हजार काढले तर चिमी बहुधा शिक्षण पूर्ण करणार, पण जेवणार नाही, अशी परिस्थिती.

ही अडचण मी बँकेत कॅशियरला सांगितली. कॅशियरने आजवर तीन स्कूटरी आणि एक म्हैस विकलेली आहे. तो नोटा मोजणं न थांबवता म्हणाला, “गिऱ्हाईक येणार त्याच्या आधी अर्धा तास गावात एक चक्कर मारून या. गरम इंजिन बोलत नसतं.”

किती साधं! कुठे खोटं बोलायचं नाही, शपथ घ्यायची नाही. नुसती चक्कर मारायची.

गिऱ्हाईक म्हणून आल्या एक शिक्षिका. तीस-बत्तीस वय, जिल्हा परिषदेची शाळा, तीही तुळजापूरचा घाट उतरून पलीकडच्या गावात. रोज दोन एस.ट्या बदलून जायच्या, परतीला कधीकधी अंधार व्हायचा. आमच्याच शाखेत खातं. संध्याकाळी साडेपाचला आल्या. मी पाच वाजता दूध आणायला गाडी घेऊन गेलो होतो. दूध समोरच्याच गल्लीत मिळतं, पण मी येडशीच्या रस्त्याला बराच पुढे जाऊन आलो. गाडी चालू केली. इंजिन एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखं संथ आणि गंभीर.

बाईंनी एक फेरी मारली, खूश झाल्या. आमच्या हिने पोहे दिले. बाई तिला ‘काकू’ म्हणाल्या. ही काकू झाल्यावर मला ‘साहेब’ राहणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच घासाला मी ‘काका’ झालो.

“काका, मला गाडीतलं काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “भाऊ म्हणत होता, मेस्त्रीला दाखव. मी म्हटलं, कशाला? बँकेतला माणूस आहे. काही असतं तर सांगितलंच असतं.”

यावर काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, “चहा घेणार ना?”

रविवारी सकाळी दहाला विसार घेऊन यायचं ठरलं.

त्या रात्री मला घोडा दिसला.

झालं असं, की झोप यावी म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो, आणि त्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वीचा अभ्यास उगाळत होतो. मालविक्रीचा १९३० चा कायदा, कलम १६: सर्वसाधारणपणे माल कसा आहे ते घेणाऱ्याने बघून घ्यावं. छान! आमच्याकडच्या बाजारात तेच चालतं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे; आणि ती घ्यायला आलेला माणूस आधी तिचं तोंड उघडून दात बघतो. धन्याला विचारत बसत नाही. पण मग मनात आलं, शेळीचे दात दिसतात. माझ्या गाडीचे दात कव्हरच्या आत, दहा-पंधरा बोल्टांच्या मागे. तिचं तोंड बाईंनी कसं उघडायचं?

मग करार कायदा आठवला. १८७२ चा, कलम १७, फसवणूक म्हणजे काय. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथे म्हटलंय, आणि खाली उदाहरणं दिली आहेत. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. फसवणूक नाही. मला एकदम डुलकी लागणार इतकं बरं वाटलं.

पण कायदा करणारा इसम मोठा बेरकी. तो पहिल्या उदाहरणावर थांबला नाही. दुसरं उदाहरण: ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र खोड सांगणं ‘अ’चं कर्तव्य. तिसरं उदाहरण: ‘ब’ ‘अ’ला म्हणतो, ‘तू नाही म्हणाला नाहीस, तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन.’ ‘अ’ गप्प बसतो. इथे गप्प बसणं हेच बोलणं.

मी उठून बसलो तो इथे. ‘काही असतं तर सांगितलंच असतं’ हे तिसरं उदाहरण होतं, जसंच्या तसं. आणि ‘काका’ म्हटल्यावर दुसरं उदाहरणही फार लांब राहिलं नव्हतं. त्यात मी पोह्यांच्या बशीतून शिरलो होतो. वर त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच. लंगड्या घोड्याबद्दल गप्प राहणं वेगळं आणि त्याला सुई टोचून सरळ उभा करणं वेगळं. येडशीच्या रस्त्यावरची माझी चक्कर ही ती सुई होती.

हा वाद काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरो नावाच्या रोमन वकिलाने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हेच आहे. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ पडलाय. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं निघाली आहेत हे त्याने येताना पाहिलंय. सांगितलं तर भाव पडेल. सांगावं का? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. हा ग्रंथ त्याने आपल्या मुलाला उद्देशून लिहिला, आणि तो मुलगा तेव्हा घरापासून लांब अथेन्सला शिकायला होता. म्हणजे हॉस्टेलचा खर्च सिसेरोलाही होता. तरी त्याने असा निकाल दिला, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

माझी चुळबुळ ऐकून ही जागी झाली. मी तिला सगळं सांगितलं: कलम, घोडा, ऱ्होड्‌स, धान्य. ती आढ्याकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “मला एवढंच सांगा, त्या बाई गाडी घेऊन गेल्यावर रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन गाडी गरम करून द्यायला तुम्ही जाणार आहात का?”

आणि कूस बदलून झोपली. ही बारावीनंतर शिकलेली नाही.

रविवारी मी गाडीला हात लावला नाही. रात्रभर उघड्यावर उभी. बालाघाटावरची डिसेंबरातली थंडी, काचेवर दव. मी मनाशी एक मधला मार्ग काढला होता. आपण काही बोलायचं नाही. गाडी थंड चालू करायची आणि बाईंच्या कानावर जे पडायचं ते पडू द्यायचं. साखळी स्वतःच सांगेल. मी झाकणार नाही, साखळी बोलेल, माझ्या तोंडून चौदा हजार जाणार नाहीत. असे मधले मार्ग सुचण्यासाठी वीस-बावीस वर्षं बँकेत काढावी लागतात.

बाई आल्या. मी किल्ली फिरवली. ‘खडखडखड!’ शेजारच्या खिडकीतलं मांजर उठून गेलं. मी निकालाची वाट बघत बाईंकडे पाहिलं.

बाई हसल्या. “थंडीचं माझी स्कूटरपण असंच करते,” म्हणाल्या आणि पर्स उघडली.

माझ्या मधल्या मार्गाला पुढे रस्ताच नव्हता. साखळी खरं बोलली होती, पण तिची भाषा बाईंना येत नव्हती. ती भाषा कळणारा त्या अंगणात मी एकटाच होतो. कागदावर सगळं छापलेलं असतं, खाली बारीक अक्षरात. गिऱ्हाईक सही करतं आणि नंतर काउंटरवर येऊन रडतं. तेव्हा आम्ही म्हणतो, ‘तुम्हाला दिलं होतं की वाचायला!’ मी स्वतः कितीदा म्हटलंय. त्या सकाळी ते वाक्य मला फार हलकं वाटलं. समोरच्याला दिसलं म्हणजे त्याला कळलं, असं नसतं. ज्याला कळतं त्याने सांगायचं असतं.

“बाई, पर्स मिटा,” मी म्हणालो. “हा आवाज थंडीचा नाही.” आणि सगळं सांगितलं. साखळी, टेन्शनर, घाट, वॉल्व्ह-पिस्टनची भेट, चौदा हजार. परवा संध्याकाळी दूध आणायला कुठपर्यंत गेलो होतो, तेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना सगळ्यात जड गेलं. गाडीचा दोष सांगणं त्यामानाने सोपं असतं.

बाई काही बोलल्या नाहीत. पर्स मिटली, ‘विचार करून कळवते, साहेब’ म्हणाल्या आणि गेल्या. ‘काका’ पदावरून माझी तिथल्या तिथे उचलबांगडी झाली.

सत्याचा शेवटी विजय होतो असं म्हणतात. पण तो कोणत्या तारखेला होतो हे कुणी सांगत नाही, आणि फीची तारीख मात्र ठरलेली असते. सोमवार गेला, मंगळवार गेला. कॅशियरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तो खोट्या नोटेकडे टाकतो. खरं सांगायचं तर मला पश्चात्ताप होत होता. प्रामाणिकपणाने झोप चांगली लागते हेही खोटं आहे. त्या दोन्ही रात्री मी चौदा हजार आणि एक लाख पंचेचाळीस हजार यांची बेरीज-वजाबाकी करत जागाच होतो.

बुधवारी बाईंचा फोन आला. “गाडी दुरुस्त करून द्या, ठरलेल्या भावाला घेते. मात्र मेस्त्री चेन खोलेल तेव्हा मी समोर बसणार.”

मला ते लागलं. पण बरोबर होतं. विश्वास एकदा सांडला की तो परत चमच्यानेच भरावा लागतो.

सामान सोलापूरहून आलं. रविवारी आम्ही दोघं मेस्त्रीच्या बाकड्यावर बसलो. त्याने जुनं ऑइल सोडलं. ते डांबरासारखं निघालं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. कव्हर निघालं. गाईडपट्टीवर साखळीने घासून खोल चरे पाडले होते. टेन्शनरचा दांडा जेवढा बाहेर येऊ शकतो तेवढा आलेला. ओढून धरायला त्याच्याजवळ काही शिल्लक नव्हतं. मेस्त्रीने जुनी साखळी आणि नवी साखळी फरशीवर शेजारीशेजारी ताणून ठेवल्या. फरक करंगळीच्या नखाएवढाही नव्हता.

“एवढंच?” बाई म्हणाल्या.

“एवढंच,” मेस्त्री म्हणाला. “ह्याच्या म्होरं दात सोडती.”

नव्या साखळीच्या रंगीत कड्या त्याने चाकांवरच्या खुणांशी जुळवल्या. नवा टेन्शनर, नव्या पट्ट्या. मग पाना लावून हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवले, कुठे अडत नाही ना ते बघितलं, खुणा पुन्हा तपासल्या. स्टार्टर मारण्याआधी हाताने फिरवून बघायचं, हा नियम. कव्हर बसवलं, त्याची पेस्ट वाळायला रात्रभर गाडी ठेवली, सकाळी नवं ऑइल, नवा फिल्टर घातला.

गाडी गेली. चौदा हजारांची तूट होती ती आमच्या हिने कुठल्याशा डब्यातून काढून भरून दिली. हा डबा घरात आहे हे तिने मला एकोणीस वर्षं सांगितलं नव्हतं. कलम १७ खाली हे कुठे बसतं, याचा विचार मी अजून केलेला नाही.

जुनी साखळी मी मागून घेतली. बँकेत माझ्या टेबलावर ती व्हाउचरांवर ठेवतो. लोक विचारतात, हे काय? मी म्हणतो, पेपरवेट.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, सकाळी सात वाजता फोन वाजला. बाई होत्या. माझ्या छातीत धस्स झालं. पण त्या बोलल्याच नाहीत. नुसतं किल्ली फिरवल्याचं ऐकू आलं, इंजिन सुरू झालं आणि पुढे काहीच नाही. खडखड नाही, कुरकुर नाही.

“ऐकलं का, काका?” त्या म्हणाल्या.

“काय ऐकायचं? काहीच नाही,” मी म्हणालो.

“तेच,” म्हणाल्या, आणि शाळेला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.